पोस्टरवर नजर ठरते ती कशामुळे?

एखाद्या नव्या मराठी सिनेमाचं पोस्टर सकाळी मोबाइलवर येतं आणि दुपारपर्यंत घरच्या ग्रुपपासून नाक्यावरच्या टपरीपर्यंत सगळ्यांची मतं ठरलेली असतात. ‘भारी आहे’, ‘काही दम नाही’, ‘नुसती गिचमिड’. ही मतं बहुतेक वेळा बरोबर असतात, असा माझा अनुभव आहे. कारण विचारलं की मात्र गाडी अडते. ‘का आवडलं?’ तर ‘रंग छान आहेत.’ ‘का नाही आवडलं?’ तर ‘काय माहीत, नजरच ठरत नाही.’

हे ‘नजर ठरत नाही’ मला फार मोलाचं वाटतं. चित्रकलेचा एकही धडा न गिरवलेल्या माणसाने दुखणं नेमकं कुठे आहे ते सांगितलेलं असतं. नजर ठरते म्हणजे काय होतं, आणि ती ठरावी म्हणून पोस्टर करणारा काय काय करतो, ते इथे सांगायचं आहे.

अंगठ्याच्या नखाएवढी खिडकी

हात समोर सरळ ताणा आणि अंगठ्याच्या नखाकडे बघा. डोळ्याला एका क्षणी जे बारकाव्यासकट स्वच्छ दिसतं, ते साधारण त्या नखाएवढंच असतं. त्याच्या आजूबाजूचं सगळं धूसर. हे आपल्याला जाणवत नाही, कारण डोळा सेकंदाला तीनेक उड्या मारत असतो आणि त्या तुकड्यांची गोधडी मेंदू शिवून देतो.

म्हणजे पोस्टरसमोर उभा असलेला माणूस पोस्टर ‘एका नजरेत’ पाहतच नाही. छोट्या खिडकीतून तो एकेक तुकडा पाहतो. रस्त्यावरून जाणारा माणूस दोन-तीन सेकंद देईल, म्हणजे सात-आठ उड्या. पहिली उडी कुठे पडेल, दुसरी कुठे आणि तिसऱ्यापर्यंत तो थांबेल का, हे आधीच ठरवून ठेवणं म्हणजे पोस्टर करणं. कलाशाळेत याला ‘हायरार्की’ म्हणतात. आपण ‘नजरेचा क्रम’ म्हणू.

जुन्या वाड्यात हा क्रम बांधकामातच असायचा. आधी दिंडीदरवाजा, मग चौक, मग ओसरी, मग माजघर. नव्या पाहुण्यालाही कुठून कुठे जायचं ते सांगावं लागत नसे. चांगल्या पोस्टरमध्ये नजर अशीच चालत जाते. वाईट पोस्टरला दहा दारं असतात आणि पाहुणा बाहेरच घुटमळतो.

मी चिकटवलेलं पहिलं पोस्टर

बऱ्याच वर्षांपूर्वी एका एकांकिकेचं पोस्टर मी केलं होतं. पाच नटांचे पाच फोटो, सगळे सारख्या आकाराचे, कारण कुणी नाराज व्हायला नको. वर एकांकिकेचं नाव, त्याच्याच जाडीत लेखक-दिग्दर्शकांची नावं, मागे शहराचं धूसर चित्र. खाली पैसे देणाऱ्या मिठाईवाल्याची पट्टी, काळ्या अक्षरांची, पिवळीधमक.

ते भिंतीवर चिकटवून मी समोरच्या चहाच्या टपरीवर अर्धा तास बसलो. येणारे-जाणारे भिंतीकडे बघत होते, नाही असं नाही. पण प्रत्येकाची मान आधी खाली वळत होती, मिठाईच्या पट्टीकडे. तिथून ती वर येईपर्यंत माणूस पुढे गेलेला असे. त्या अर्ध्या तासात एकांकिकेचं नाव कुणी वाचताना मला दिसलं नाही.

पिवळा हा सगळ्यात उजळ दिसणारा रंग, आणि त्यावर काळं अक्षर म्हणजे फार ठळक जोडी. बाकीच्या करड्या-तपकिरी कागदावर तीच एक जागा ओरडत होती. नजरेचा क्रम मी ठरवला नव्हता, म्हणून तो आपोआप ठरला. मंडईत सगळे एका सुरात ओरडत असले की कुणाचंच ऐकू येत नाही, आणि एकाने घंटा वाजवली की सगळे वळतात. माझ्या पोस्टरवरची घंटा मिठाईवाल्याच्या हातात होती.

वीतभर पाणी

आता जमलेलं उदाहरण घेऊ. जून १९७५ मध्ये अमेरिकेत ‘जॉज’ हा सिनेमा प्रदर्शित झाला. त्याचं पोस्टर आपल्यापैकी बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेलं आहे. मूळ चित्र रॉजर कास्टेल या चित्रकाराने, सिनेमा ज्या कादंबरीवरून केला तिच्या स्वस्त आवृत्तीच्या मुखपृष्ठासाठी काढलं होतं, तेच पुढे सिनेमासाठी घेतलं.

चित्रात आहे काय? वर पांढऱ्यावर मोठ्या लाल अक्षरांत इंग्रजीतलं चार अक्षरी नाव. त्याखाली निळं पाणी. पाण्याच्या पृष्ठभागावर पोहणारी एक छोटीशी बाई. आणि खालून, तोंड वासून, सरळ वर येणारा अवाढव्य शार्क. एकाही नटाचा चेहरा नाही. बोट नाही, किनारा नाही, पोलीस नाही. सिनेमात हे सगळं भरपूर आहे.

लाल रंग एवढ्या मोठ्या प्रमाणात एकाच ठिकाणी आहे, तो म्हणजे नावात, त्यामुळे नाव चुकत नाही. शार्कचं तोंड वरच्या दिशेला निमुळतं होत गेलेलं, म्हणजे चक्क बाणाच्या टोकासारखं. हा बाण नजरेला उचलून बाईपाशी नेतो. बाई एवढीशी, शार्क एवढा मोठा, म्हणून सामना बरोबरीचा नाही हे सांगावं लागत नाही. तिला खाली काय आहे ते माहीत नाही, आपल्याला आहे.

पण मला विचाराल तर या पोस्टरचा जीव शार्कमध्ये नाही आणि बाईतही नाही. तो आहे त्या दोघांच्या मधल्या वीतभर पाण्यात. तिथे काहीच काढलेलं नाही. शार्कने पाय धरलेला दाखवला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. मधे जागा सोडली आहे म्हणून पुढचं आपण मनात पूर्ण करतो, आणि पुढचं पाहायला तिकीट काढतो.

‘एवढी जागा रिकामी का सोडली?’

पोस्टरचे पैसे देणारा हा प्रश्न हमखास विचारतो, आणि त्याचंही चूक नाही. कागदाचे पैसे दिलेत, मग कागद भरायला नको?

सकाळी अंगणात रांगोळी घालण्याआधी आपण काय करतो? झाडतो, सडा घालतो, जमीन ओलसर काळसर होऊ देतो, आणि मग मधोमध रांगोळी. पाचोळा, चपला, बादली तशीच ठेवून त्यावर तीच रांगोळी घातली तर? रांगोळी तीच, पण दिसणार नाही. सारवलेलं मोकळं अंगण हा रांगोळीचाच भाग असतो. पोस्टरवरची मोकळी जागा म्हणजे ते अंगण. आणि ती पांढरीच असली पाहिजे असं नाही. काळं आकाश, निळं पाणी, कोरी भिंत, काहीही चालतं. नजरेने तिथे थांबू नये, एवढंच.

रंग: आधी उजेड-अंधार, मग लाल-निळा

अनेक पोस्टरं नारिंगी आणि निळसर असतात, हे तुमच्या लक्षात आलं असेल. रंगचक्रावर, म्हणजे रंग गोलात मांडतात त्या तक्त्यावर, नारिंगी आणि निळा समोरासमोर येतात. समोरासमोरचे रंग शेजारी ठेवले की दोन्ही जास्त झळाळतात. आणि माणसाची त्वचा, गोरी असो की सावळी, नारिंगीच्या घराण्यातली. त्यामुळे मागे निळसर रंग भरला की चेहरा उठून पुढे येतो. युक्ती साधी आहे आणि काम करते, म्हणून ती सगळ्यांनी उचलली आणि वापरून वापरून गुळगुळीत केली.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो उजळ-गडदचा फरक. लाल मिरची हिरव्या कोथिंबिरीवर रंगीत फोटोत मस्त दिसते. तोच फोटो कृष्णधवल करा, दोन्ही जवळजवळ एकाच करड्या रंगाचे होतात. हिरव्या झाडीवर लाल अक्षरं टाकलेल्या पोस्टरचं संध्याकाळी रस्त्यावरच्या अंधुक दिव्याखाली हेच होतं. शिवाय काही लोकांना, विशेषतः पुरुषांना, लाल-हिरव्यातला फरक मुळातच नीट दिसत नाही. म्हणून पोस्टर आधी कृष्णधवल करून बघावं. त्यात नाव आणि मुख्य चित्र सुटं दिसलं, तर रंग काहीही भरा, पाया पक्का आहे.

जुने चित्रकार यासाठी डोळेच वापरायचे. ‘डोळे बारीक करून बघ’ हे वाक्य चित्रकलेच्या प्रत्येक वर्गात ऐकू येतं. डोळे किलकिले केले की बारीकसारीक तपशील पुसला जातो आणि फक्त मोठे गडद-उजळ आकार उरतात. तेवढ्यावर चित्र कळलं पाहिजे.

तिरकी रेषा आणि ओळखीची सावली

आडवी रेषा झोपलेली असते, उभी रेषा खांबासारखी स्थिर असते. तिरकी रेषा मात्र पडते तरी आहे किंवा उचलली तरी जाते आहे. कलती शिडी दिसली की आपण नकळत दोन पावलं बाजूला होतो. ‘मदर इंडिया’ (१९५७) च्या गाजलेल्या पोस्टरवर नर्गिसच्या खांद्यावर नांगर आहे. त्या लाकडाचा कल आणि तिचा ताणलेला चेहरा यांतून ओझं कळतं. शेती कशी असते हे जन्मात न पाहिलेल्या माणसालाही त्या कलण्यातून वजन जाणवतं.

चेहरा तर आपल्या नजरेला लोहचुंबकासारखा ओढतो. तान्ही बाळंही चेहऱ्यासारख्या आकाराकडे आधी वळतात. आणि चेहऱ्यावरचे डोळे ज्या दिशेला पाहत असतील तिकडे आपणही पाहतो. बसस्टॉपवर चार माणसं आकाशाकडे बघत उभी असली की पाचवा वर बघतोच. म्हणून नायिकेची नजर नावाकडे असेल तर नाव वाचलं जातं. ती कागदाच्या बाहेर बघत असेल तर वाचणाराही तिच्याबरोबर बाहेर जातो. कधीकधी ते हवंच असतं, एखाद्या हरवलेल्या माणसाच्या गोष्टीत. पण चुकून होऊ नये.

आणि बाह्याकार. ‘बरसात’ (१९४९) मधला, राज कपूरच्या एका हातात व्हायोलिन आणि दुसऱ्या हातावर रेललेली नायिका हा आकार इतका ठसठशीत ठरला की आर. के. फिल्म्सचं बोधचिन्ह त्यातूनच झालं. रंग नाही, चेहरा नाही, नुसती काळी सावली, तरी ओळख पटते. एखाद्या पोस्टरमधल्या माणसांना काळ्या रंगाने भरून टाका. तरीही ते इतर पोस्टरांपासून वेगळं ओळखू येत असेल, तर आकार जमला म्हणायचं.

देवनागरीतलं नाव: इथे बरीच पोस्टरं हरतात

आपल्या पोस्टरांवर माझा सगळ्यात जास्त जीव अडकतो तो इथे. पोस्टरचे बरेच नियम रोमन लिपीच्या सवयीतून आले आहेत. रोमन मोठी अक्षरं विटांसारखी असतात, सगळी एका उंचीची. त्यांची भिंत कशीही रचता येते. देवनागरी तीन मजली आहे. मधल्या मजल्यावर मूळ अक्षर, वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार. नाव दोन ओळींत तोडलं आणि ओळी रोमनइतक्या जवळ आणल्या, की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. अक्षरं एकमेकांच्या पायात पाय घालतात.

दुसरी चूक तर रोज दिसते. रोमन अक्षरं सुटी करून लांबच लांब पसरवली की भारदस्त दिसतात. तीच आज्ञा संगणकावर मराठी शब्दाला दिली की शिरोरेखा ठिकठिकाणी तुटते. शिरोरेखा म्हणजे शब्दाची वाळत घालायची दोरी. दोरी तुटली की कपडे खाली. वाचणारा मग शब्द एका घासात न वाचता अक्षर-अक्षर जुळवत बसतो, आणि तेवढ्यात त्याची बस येते. जोडाक्षर फुटून हलन्त पाय उघडे पडलेली नावं तर मोठ्या होर्डिंगवरही मी पाहिली आहेत. हे पाहून वाईट वाटतं, कारण हे दोन मिनिटांत दुरुस्त होणारं काम आहे. कुणीतरी नाव मोठ्याने वाचून बघायला हवं होतं.

पण हीच लिपी पोस्टरला केवढं देते! ठोकळेबाज मोठी अक्षरं नसल्यामुळे मराठी शब्दाला स्वतःची बाह्यरेषा असते. वर झेपावणारी वेलांटी, खाली झुकणारा उकार, मधला गोलसर ‘ळ’. शब्द लांबूनही आकारावरून ओळखू येतो. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींसाठी केलेली नावं आठवा. कागद वर्तमानपत्राचा, शाई एकच काळी, जागा काही इंच, आणि तरीही नाटक गंभीर आहे की फार्स हे अक्षरांच्या वळणावरून कळायचं. त्यांचं २०२० मध्ये निधन झालं. नाव हे चित्राच्या खाली लिहायची ओळ नसून नाव हेच चित्र होऊ शकतं, हे त्या जाहिरातींनी मराठी माणसाला वर्षानुवर्षं दाखवलं.

‘पण आपल्याकडे तर गर्दीचीच पोस्टरं चालली!’

हा आक्षेप अगदी रास्त आहे. ‘जॉज’नंतर दोन महिन्यांच्या आत, १५ ऑगस्ट १९७५ ला, ‘शोले’ लागला. त्याच्या पोस्टरवर माणसंच माणसं. मोकळी जागा शोधून सापडणार नाही. मग नजरेचा क्रम वगैरे खोटं?

नाही. गर्दीतही क्रम असतो. दिंडीत शेकडो माणसं असतात, पण वीणेकरी कोण ते लगेच कळतं. ‘शोले’चं नाव दगडात कोरल्यासारख्या, तडा गेलेल्या जाड अक्षरांत आहे. त्याच्याशी स्पर्धा करेल असं दुसरं काही नाही. चेहरे लहान-मोठे आहेत, माझ्या एकांकिकेसारखे एका मापाचे नाहीत. आणि आगीच्या पिवळ्या-नारिंगी रंगाने सगळ्यांना एका सुतात ओवलं आहे. पाहणारा आधी आग आणि नाव घेतो, मग आपल्या आवडत्या नटाला शोधतो. आपल्या प्रेक्षकाला सिनेमात गाणी, मारामारी, प्रेम, विनोद सगळं हवं होतं, म्हणून पोस्टरही भरलेल्या ताटासारखं असे. पण ताटातही मीठ कुठे, चटणी कुठे, भात कुठे हे ठरलेलं असतंच.

ही परंपरा कोल्हापुरापासून सुरू होते. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा जाहिराती अक्षरांच्याच होत्या. चित्राचं पोस्टर आपल्याकडे रुजवण्याचं श्रेय कोल्हापूरचे चित्रकार-दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांना दिलं जातं. त्यांच्या ‘कल्याण खजिना’ (१९२४) चं पोस्टर आज शिल्लक असलेल्या भारतीय पोस्टरांत सर्वांत जुनं मानतात. बाबूराव आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव आधी नाटकांचे पडदे रंगवत. पडदा रंगवणाऱ्याला शेवटच्या रांगेतल्या माणसाला काय दिसतं याचा विचार करावाच लागतो. तोच विचार त्यांनी सिनेमात आणला असणार, असं मला वाटतं. पुढे मुंबईत जे. जे. कलाशाळेत शिकलेले पोस्टर-चित्रकार दिवाकर करकरे ब्रशऐवजी रंगाच्या सुरीने जाड, खरखरीत थर देऊन चेहरे रंगवत. सत्तरच्या दशकातल्या संतापलेल्या नायकाचा राग त्या रंगाच्या पोतातच होता.

लहानपणी आमच्या गावच्या टॉकीजमागच्या बोळात मी बॅनर रंगवताना पाहिलंय. पेंटरकाकांच्या हातात पेन्सिलीने चौकटी आखलेला एक छोटा फोटो. समोर दोन पुरुष उंचीचं कापड, त्यावर निळीत बुडवलेली दोरी ताणून उमटवलेल्या तशाच मोठ्या चौकटी. फोटोतल्या एका चौकटीत जे आहे ते कापडावरच्या एका चौकटीत. जवळून पाहिलं तर नायकाच्या गालावर चक्क हिरवा फराटा, कपाळावर गुलाबी, नाकाच्या शेंड्यावर पांढरा ठिपका. मला वाटलं, काका चुकले. मग ते रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर गेले, मलाही बोलावलं आणि म्हणाले, ‘डोळे बारीक कर.’ हिरवा फराटा गालावरची सावली झाला होता. काका परत आले, डोळ्याच्या बाहुलीत पांढऱ्याचा एक ठिपका दिला, पुन्हा रस्ता ओलांडला. त्या दुपारी ते किती वेळा रस्ता ओलांडून गेले असतील कुणास ठाऊक.

‘खालची मुंगीएवढी अक्षरं कुणासाठी?’

वाचणाऱ्यासाठी नाहीत, करारासाठी असतात. हॉलिवूडमध्ये कुणाचं नाव किती मोठं, हे करारात सिनेमाच्या नावाच्या प्रमाणात ठरतं. ते उंचीवर मोजलं जातं, म्हणून अक्षरं उंच आणि काडीसारखी बारीक करतात. नियमही पाळला जातो, जागाही वाचते. क्रमात ती मुद्दाम शेवटी ठेवलेली असतात.

‘आता पोस्टर बघतंय कोण? फोनवर ट्रेलर असतो’

ट्रेलरवर बोट ठेवण्याआधी माणूस एक छोटं चित्र बघतो. ते पोस्टरच. आपल्याकडचं भिंतीवरचं पोस्टर ३० बाय ४० इंचांचं असायचं. ओटीटीच्या यादीत तेच दोन बोटं रुंद होतं, आणि आजूबाजूला आणखी पंधरा चित्रं. पेंटरकाकांना दिसायला रस्त्यापलीकडे जावं लागायचं, इथे प्रत्येकच प्रेक्षक रस्त्यापलीकडे उभा आहे. म्हणून क्रम अधिकच कडक करावा लागतो. एक चेहरा किंवा एक आकार, एक नाव, बस.

नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये सांगितलं की एकाच सिनेमासाठी ते वेगवेगळ्या प्रेक्षकांना वेगवेगळी चित्रं दाखवतात. ‘गुड विल हंटिंग’चं उदाहरण त्यांनी दिलं होतं. प्रेमकथा बघणाऱ्याला नायक-नायिकेचं चित्र, विनोदी सिनेमे बघणाऱ्याला त्यातल्या रॉबिन विल्यम्स या विनोदी नटाचं. यात हुशारी आहे, पण मला एक काळजीही वाटते. सिनेमा ज्या चवीचा नाही ती चव पोस्टरने दाखवली, तर माणूस आत येतो आणि मध्यंतरापर्यंत त्याला फसल्यासारखं वाटू लागतं. घरी तर तो दहाव्या मिनिटालाच उठतो.

एआयला सांगून दहा सेकंदांत पोस्टर मिळतं, हेही खरं. चित्र मिळतं, देखणंही असतं. पण या गोष्टीतलं काय आधी दिसावं आणि काय अजिबात दिसू नये, हे सिनेमा पाहिलेल्या माणसालाच ठरवावं लागतं.

‘जॉज’मध्ये शार्क पूर्ण दिसायला तासापेक्षा जास्त वेळ लागतो. चित्रीकरणात यांत्रिक शार्क सारखा बिघडत होता, म्हणून दिग्दर्शकाला तो फार दाखवताच आला नाही. कित्येक प्रसंगांत पडद्यावर नुसतं पाणी आहे आणि त्यात पोहणारी माणसं. तरी थिएटरमध्ये लोक खुर्चीच्या काठावर बसत. पाण्याखाली काय आहे ते त्यांनी आत येताना, दाराशेजारच्या भिंतीवर पाहिलेलं असे.